डब्यातली साखर, रक्तातली साखर

तेराच्या दिवशी चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत कुणी आजारी पडू नये, असं कृष्णवेणी मामी दरवर्षी म्हणायच्या. तेर म्हणजे पार्थसारथीच्या देवळाचा रथ. तो निघाला की देवळाभोवतीच्या रस्त्यांवर माणसांखेरीज काही हलत नाही. कळस अडकू नये म्हणून विजेच्या तारा उतरवलेल्या असतात, दुकानांची शटर खाली असतात, आणि रिक्षावाले लांबूनच हात हलवून नाही म्हणतात. मामींचं घर देवळामागच्या बोळात. त्यांची आठवी पिढी तमिळ मुलखात नांदत होती. मराठी बोलायच्या, पण तंजावरची. हेल सगळा तमिळ आणि शब्द मात्र मिरज-कोल्हापूरकडे कधीच मोडीत निघालेले. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या ऊर्मीला पहिले सहा महिने त्यांचं निम्मंच समजायचं. आता तीन वर्षांनी सगळं समजे.

ऊर्मी एका मुलींच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. नवरा संकेत सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत. फेब्रुवारीत मिरजेहून तिचे सासरे, कृष्णकांत, कायमचे राहायला आले. बायको गेल्यावर एकट्याने सहा महिने काढले त्यांनी, मग संकेतने हट्टच धरला. टपाल खात्यात छत्तीस वर्षं, त्यातली बरीचशी रेल्वेच्या डब्यात उभ्याने पत्रं लावण्यात गेलेली. माणूस शिस्तीचा. स्वतःचं ताट स्वतः उचलणारा. पण मधुमेहाच्या बाबतीत त्यांचा एकच सिद्धांत होता: बारा वर्षं झाली, मला काही झालं नाही, मग तुम्ही का ओरडता.

मिरजेच्या डॉक्टरांची एक गोळी चालू होती. चेन्नईत आल्यावर तिन्ही त्रिकाळ भात, आणि जेवणानंतरची साखर दोनशे ऐंशीवर. ऊर्मीच त्यांना मैलापूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी जुनी गोळी तशीच ठेवली आणि दुसरी एक जोडून दिली, दर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. निघताना ते म्हणाले होते, "शुगर उतरली तर ग्लुकोज द्या. फक्त ग्लुकोज." ऊर्मीने मान डोलावली होती. हे आपल्याला काय सांगतात, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

घरात ग्लुकोजच्या भुकटीचा डबा होता. दहा दिवसांपूर्वी त्याला ओल लागली, मुंग्या झाल्या, तिने तो टाकून दिला. नवा आणायचा म्हणून यादीत लिहिलं, आणि मग परीक्षेचे पेपर तपासायला आले. साखर आहेच की घरात, असं म्हणून तिने ते मागे टाकलं.

रथाच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्या-सुनेचं वाजलं. मामींनी वर केसरी पाठवला होता, तुपात न्हालेला शिरा, आणि बाबांनी तो दोनदा वाढून घेतला.

"बाबा, पुरे आता," ऊर्मी म्हणाली.

"मी तुझ्या कॉलेजातली पोरगी नाही."

"मग तुमची साखर तुम्हीच सांभाळा."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण परत घ्यावेसे वाटले नाहीत. बाबा उठले आणि ताट विसळून ठेवलं.

सकाळी संकेत रस्ते बंद व्हायच्या आत, साडेसहालाच कंपनीच्या बसने गेला. ऊर्मीने इडल्या करून टेबलावर झाकून ठेवल्या आणि पेपरांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत बसली. बाबांच्या चपला वाजल्या, जिन्यावरून खाली गेल्या. रथ बघायला निघाले असतील. जाऊ देत. खाल्लं का, असं एरवी तिने विचारलं असतं. आज विचारलं नाही.

पावणेनऊला ती पाणी प्यायला बाहेर आली. इडल्यांवरचं झाकण तसंच होतं. तिने उचलून पाहिलं. सहाच्या सहा. मग तिने गोळ्यांची डबी उघडली. सकाळच्या खणातल्या दोन्ही गोळ्या गेलेल्या होत्या.

ती अनवाणीच जिना उतरली.

बाबा मामींच्या ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. सदरा अंगाला चिकटला होता, कपाळावरून घाम टपटपत होता. बोळाच्या तोंडाशी माणसांची भिंत उभी होती, आणि तिच्या पलीकडून नादस्वरमचे सनईसारखे सूर आणि हजारो गळ्यांतलं "गोविंदा, गोविंदा" येत होतं.

"बाबा, काही खाल्लंत का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण नजर तिच्यातून आरपार गेली. "कुर्डुवाडीची थैली आली नाही अजून," ते म्हणाले. "गाडी सुटेल."

ती धावत वर गेली, रक्तातली साखर बघायचं यंत्र आणि साखरेचा डबा घेऊन आली. नळीत चारच पट्ट्या उरल्या होत्या. तिने त्यांचं बोट टोचलं. सत्तेचाळीस.

निदान काय आहे ते तरी कळलं. जुनी गोळी स्वादुपिंडाला टोचून इन्सुलिन काढायला लावते. ते निघालं, आणि पोटात अन्न नाही. रक्तातली साखर उतरत चालली होती आणि मेंदूला दुसरं इंधन लगेच मिळत नाही. उपाय सोपा होता. तिने पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. बाबा प्यायले. अर्धं सदऱ्यावर सांडलं, पण बरंचसं आत गेलं.

गडबड ऐकून मामी बाहेर आल्या. "काय झालं मा?"

"साखर उतरलीय, मामी. होईल आता ठीक."

मामी आत गेल्या आणि पानकमचं भांडंच घेऊन आल्या. रथाच्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायला त्यांनी पहाटेच केलं होतं, गुळाचं पाणी, सुंठ-वेलदोडा घातलेलं. ऊर्मीने एक पेला तेही पाजलं. आता पंधरा मिनिटं थांबायचं. ती त्यांचा हात धरून बसली. दर मिनिटाला वाटायचं, आता डोळ्यांत ओळख येईल.

पंधरा मिनिटांनी दुसरी पट्टी. त्रेचाळीस.

असं व्हायला नको होतं. यंत्र चुकलं असेल, बोटाला घाम असेल. तिने पुन्हा साखरेचं पाणी केलं, या वेळी दुप्पट दाट. बाबांचा हात थंड आणि ओला होता, बोटं कुणीतरी दोरीने हलवावीत तशी थरथरत होती. घोट घेताना ते मध्येच थांबत. "बाबा, गिळा," असं मोठ्याने म्हटलं की गिळत. त्यांचं तोंड किंचित एका बाजूला ओघळल्यासारखं दिसू लागलं होतं.

मामींचे धाकटे दीर, दत्ताजीराव, नुकतेच रथाच्या गर्दीतून परत आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी वाकून बाबांचा चेहरा पाहिला.

"हे साखरेचं नव्हे," ते हलकेच म्हणाले. "आमच्या अण्णांना असंच झालं होतं. हा पक्षाघात आहे. इतकं गोड पोटात गेलं, तरी माणूस शुद्धीवर येत नाही, म्हणजे दुसरंच काही. हॉस्पिटलात न्यावं."

"कसं नेणार मामा? कुठून?"

दोघांनीही बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. रथ दक्षिण बाजूच्या वळणावर आला होता. चाकाखाली लाकडी पाचरी मारून तो वळवतात, त्याला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तासभर. तोवर मुंगीला वाट नव्हती. बोळाचं दुसरं टोक बंदच होतं.

ऊर्मीने मैलापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. वाजत राहिला. संकेतला लावला.

"मामा म्हणतात तसं कर," तो म्हणाला. "उचला आणि न्या. काहीही करून न्या. मी निघतो."

तिने तिसरी पट्टी लावली. एकोणचाळीस.

ओटा, मामी, नादस्वरम, सगळं क्षणभर लांब गेलं. बारा चमचे साखर. पेलाभर गूळपाणी. ते सगळं या माणसाच्या पोटात होतं आणि रक्तात त्यातला कणही येत नव्हता. मग ते जात कुठे होतं? कुठेच जात नव्हतं. आतड्यातच पडून होतं.

आणि मग तिला ती दुसरी गोळी आठवली.

जानेवारीत चाळीस मुलींसमोर तिने फळ्यावर काढून दाखवलं होतं. आपण खातो त्या साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे एक जोडी. एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, हातात हात घातलेले. आतडं जोडीला आत घेत नाही. त्याच्या अस्तरावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते कात्रीसारखं जोडी तोडतं, आणि मगच सुटं ग्लुकोज रक्तात उतरतं. भातातलं, इडलीतलं पिष्ट तर ग्लुकोजची लांबच लांब माळ, तीही मणी मणी सुटी झाल्याशिवाय उपयोगाची नाही. आणि नवी गोळी नेमकी याच विकरांना जखडून ठेवते. त्यासाठीच तर दिलेली, की जेवण सावकाश पचावं. बाबांनी आज ती उपाशीपोटी घेतली होती. आतड्यातल्या सगळ्या कात्र्या बांधून ठेवलेल्या, आणि ती वरून जोड्यांवर जोड्या ओतत होती.

शुगर उतरली तर ग्लुकोज द्या. फक्त ग्लुकोज. डॉक्टरांनी शब्द तोलून वापरला होता. डब्यातल्या साखरेला आपण साखर म्हणतो आणि रक्तातल्यालाही साखरच म्हणतो, आणि हा घोटाळा तिने, दरवर्षी मुलींना तो समजावून सांगणाऱ्या बाईने, स्वतःच्या घरात केला होता.

रडायला वेळ नव्हता. सुटं ग्लुकोज कशात असतं?

"मामा, ग्लुकोज हवंय. औषधाचं दुकान उघडं असेल एखादं?"

"रस्त्यापलीकडे असेल. पण मी पलीकडे जाऊन येईपर्यंत..." दत्ताजीराव थांबले. "बघतो," म्हणाले आणि निघाले.

"मामी, मध आहे घरात?"

"आहे. अभिषेकाचा. का मा?"

"कुठला? साखरेचा पाक मिसळलेला, दुकानातला?"

"नाही. माझा भाचा कोल्ली डोंगरातनं आणतो. हंड्यातला, गाळलेलासुद्धा नाही."

"आणा. लवकर आणा."

मामी हलल्या नाहीत. "इतकी साखर दिलीस तर काही झालं नाही. मध काय वेगळं करणार? तोंडात चिकट भरून माणूस गुदमरेल, ऊर्मी. माझ्या ओट्यावर."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि तेच ऊर्मीला सगळ्यात जास्त भिववत होतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, हे तिलाही माहीत होतं. पण बोळ बंद होता आणि आकडा खाली चालला होता.

"मामी, ऐका. मधातली साखर मधमाशीने आधीच तोडलेली असते. ह्यांचं आतडं आज तोडू शकत नाही, गोळीमुळे. मध तोडायला लागत नाही. ते अजून गिळतायत. गिळायचे थांबले की काहीच करता येणार नाही."

मामींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी वाटीभर मध आणला.

दोघींनी मिळून बाबांना कुशीवर वळवलं, डोकं उशीवर उंच ठेवलं. ऊर्मीने मधात थोडं पाणी घालून तो पातळ केला. अर्धा चमचा, त्याहूनही कमी, खालच्या गालात सोडला.

"बाबा, गिळा."

काही झालं नाही. मध ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी वाकली, आणि तिला आपोआप सुचलं ते बोलली, "कुर्डुवाडीची थैली आली. उतरून घ्या."

घसा हलला. गिळलं.

पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा हाक. मध्ये एकदा त्यांना ठसका लागला, चेहरा लाल झाला, मामींनी "नारायणा" म्हणत पाठ चोळली, आणि ऊर्मीने चमचा खाली ठेवला. ठसका थांबला. श्वास नीट चालू झाला. ऊर्मीने दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा चमचा उचलला. वाटी संपायला आठ मिनिटं लागली.

फोन वाजत होता, संकेतचा असणार. तिने उचलला नाही.

एकच पट्टी राहिली होती. आत्ता वापरली आणि आकडा वाढलेला नसला तर? थांबली आणि उशीर झाला तर? दहा मिनिटं थांबायचं तिने ठरवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसली आणि बाबांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी धावत होती. बाहेर रथाचं लाकूड करकरलं, ढोल एकदम चढले, आणि गर्दीतून मोठा आवाज उठला. रथ वळला असावा. तिने मान वर केली नाही.

पट्टी. यंत्राने पाच सेकंद मोजले.

सत्तावन्न.

तिने आकडा दोनदा वाचला. मामींना दाखवला. मामींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ऊर्मीचं तोंड बघून त्यांनी देव्हाऱ्याच्या दिशेने हात जोडले.

"आता दूध, मामी. साखर न घालता. दुधातली साखर वेगळी, ती तोडणारं विकर वेगळं. गोळी त्याला हात लावत नाही."

दूध येईपर्यंत बाबांच्या पापण्या हलल्या. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली.

"हे काय चिकट?" ते म्हणाले. आवाज खरखरीत होता, पण त्यांचा होता.

"मध आहे, बाबा."

"ऊर्मी?"

"हो."

"मी पडलो का?"

"नाही. बसलेलेच होतात." मामींनी दुधाचा पेला आणला आणि या वेळी बाबांनी तो स्वतःच्या हाताने धरला.

दत्ताजीराव रथामागून वाट काढत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचा खिसा फाटलेला होता आणि हातात ग्लुकोजचा पुडा होता. सोबत रथाबरोबरचे दोन स्वयंसेवकही आणले होते. बाबांना बसलेलं बघून ते ओट्याच्या पायरीवरच बसले. मग म्हणाले, "मी पक्षाघात म्हणून सांगितलं. तू ऐकलं नाहीस ते बरं झालं."

"मलाही उशिराच कळलं, मामा," ऊर्मी म्हणाली.

पुड्यातलं ग्लुकोज पाजलं, रस्ता मोकळा झाला, आणि त्या दोघा स्वयंसेवकांनी खुर्चीसकट उचलून बाबांना रिक्षापर्यंत नेलं. हॉस्पिटलात सलाइन लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. जुन्या गोळीचा जोर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेऊ, असं त्या म्हणाल्या. मग दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मध कुणाला सुचला?" ऊर्मीला सुचला हे खरं, पण बारा चमच्यांनंतर.

खोलीत दोघंच उरल्यावर ती खुर्ची ओढून पलंगाजवळ बसली.

"बाबा, डॉक्टरांनी ग्लुकोज घरात ठेवा म्हणून सांगितलं होतं. डबा खराब झाला, मी टाकला, आणि नवा आणला नाही. मला वाटलं, साखर चालेल. चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी हेच शिकवते."

बाबा छताकडे बघत होते. सलाइनचे थेंब पडत होते.

"गोळ्या घेऊन उपाशी बसलो मी," ते म्हणाले. "काल तू बोललीस म्हणून. इडल्या बघितल्या, झाकण उचललं, आणि ठेवून दिलं. तुला दाखवायचं होतं."

"काय दाखवायचं होतं?"

"आता आठवत नाही." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "गूळ पण चालला नाही?"

"नाही."

"का?"

तिने सांगितलं. जोडी, कात्री, बांधून ठेवलेले हात. मुलींना सांगते त्याहून सावकाश. बाबांनी मध्ये दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला विचार करून द्यावं लागलं.

साडेबाराला संकेत आला. घामाने निथळत, सिरुसेरीपासून तीन वाहनं बदलून. दारातूनच त्याने बापाला पाहिलं, मग ऊर्मीकडे वळला. भीती गेली होती आणि तिच्या जागी राग आला होता.

"फोन का उचलला नाहीस? न्या म्हणून सांगत होतो मी. आणि त्या नव्या डॉक्टरकडे नेलंच कशाला? मिरजेची गोळी बारा वर्षं चालत होती ना?"

ऊर्मी उठून उभी राहिली. उत्तर द्यायला तिच्याजवळ पुष्कळ होतं, आणि त्यातलं निम्मं तिच्याच विरुद्ध होतं.

"संकेत," बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "तिला काही विचारायचं नाही. मला विचार."

"तुम्हाला काय विचारू, बाबा? तुम्ही शुद्धीवर तरी होता का?"

"नव्हतो. म्हणून तर सांगतो. शुद्धीवर असतो तर मीच तिला चमचा तोंडाजवळ आणू दिला नसता." ते थांबले, दम घेतला. "बस आधी. पाणी पी. मग सांगतो पहिल्यापासून. इडल्यांपासून."

संकेत उभाच राहिला. मग त्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली, आणि ऊर्मीने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.